पहिली दहा मिनिटे थंडी वाजू द्या

डिसेंबरात पुण्यातल्या कोणत्याही टेकडीच्या पायथ्याशी सकाळी सहाला उभे राहून पाहा. वेताळ टेकडी घ्या, तळजाई घ्या, नाहीतर पर्वतीच्या पायऱ्या घ्या. येणाऱ्यांचे दोन प्रकार लगेच वेगळे दिसतात. काही जण बनियन, त्यावर सुती टीशर्ट, त्यावर लोकरीचा स्वेटर, कानटोपी आणि मफलर अशा जामानिम्यासह आलेले असतात. काही जण एक पातळ शर्ट आणि विंडचीटर एवढ्यावरच, हात चोळत, जागच्या जागी उड्या मारत असतात. त्यांच्याकडे पाहून पहिल्यांना काळजी वाटते.

अर्ध्या तासाने माथ्यावर जाऊन पाहा. स्वेटर आता कमरेला बांधलेला आहे, सुती टीशर्ट पाठीला चिकटला आहे आणि वाऱ्याची झुळूक आली की अंगावर काटा येतो आहे. पातळ शर्टवाला मात्र विंडचीटरची चेन वर ओढून निवांत सूर्योदय बघतो आहे. पायथ्याशी ज्याला सर्वांत कमी थंडी वाजत होती, माथ्यावर त्यालाच हुडहुडी का भरावी?

याचे उत्तर फार महागड्या कपड्यांत नाही. आपण थंडीत घराबाहेर व्यायाम करतो तेव्हा अंगावर नेमके काय घडत असते, ते एकदा नीट कळले की कपाटातले जुने कपडेही पुष्कळदा पुरतात.

स्वेटर गरम नसतो

कपाटातून काढलेला स्वेटर हातात घेऊन पाहा. तो खोलीइतकाच थंड असतो. बर्फाच्या लादीला स्वेटर घातला तर ती लवकर वितळणार नाही, उलट उशिरा वितळेल. बर्फवाले लादी गोणपाटात आणि भुशात गुंडाळून ठेवतात ती याचसाठी. कापड उष्णता तयार करत नाही, ते फक्त तिची ये-जा मंद करते.

हे काम खरे तर कापडही करत नाही. करते ती कापडात अडकलेली हवा. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. म्हणून आजीने जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर ठेवून शिवलेली गोधडी तेवढ्याच वजनाच्या एका जाड चादरीपेक्षा अधिक ऊब देते. प्रत्येक थरामध्ये हवेची एक पातळ लादी अडकलेली असते. फुललेली लोकर, कापसाची रजई, पिसांचे जॅकेट या सगळ्यांचे मर्म एकच: हवा कोंडायची आणि तिला हलू द्यायचे नाही.

मग उष्णता येते कुठून? आपल्या अंगातून.

अंगातली शेगडी

शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे जुन्या काळच्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बइतकी. भरभर चालू लागला की हा आकडा अडीच-तीनपट होतो. चढ चढताना किंवा पळताना तो पाचशे-सहाशे वॅटपर्यंत सहज जातो. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग कामाला लावतात. उरलेला पाऊण भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणजे धावणारा माणूस एका बल्बचा सहा बल्ब होतो, तेही पाच-दहा मिनिटांत.

कपड्यांची ऊब मोजायला शास्त्रज्ञांनी १९४१ साली एक एकक ठरवले, त्याचे नाव क्लो. शर्ट, पँट आणि कोट असा पुरुषाचा पूर्ण पोशाख म्हणजे साधारण १ क्लो. एवढ्या कपड्यांत २१ अंश तापमानाच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला ना थंडी वाजत, ना उकडत. या मापाने हिशेब केला तर दहा अंशांच्या हवेत शांत बसून राहायला अडीच-तीन क्लो लागतात. त्याच हवेत दमदार पळायचे असेल तर अर्धा क्लोही पुरून उरतो. अर्धा क्लो म्हणजे जवळपास एक टीशर्ट आणि एक ट्रॅकपँट.

आपली चूक इथेच होते. कपडे निवडताना आपण दारात उभे असतो, नुकतेच पांघरुणातून उठलेले, एका बल्बच्या अवस्थेत. दारात उभे राहायला जे कपडे बरोबर आहेत ते अंगात घालून आपण सहा बल्ब पेटवायला निघतो. धावणाऱ्यांमध्ये म्हणून एक जुना ठोकताळा आहे: बाहेर जेवढे तापमान आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त आहे असे समजून कपडे घाला. बाहेर १२ अंश असतील तर २० अंशांना घालाल ते. दारातून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटे थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजली नाही, तर कपडे जास्त झाले असे खुशाल समजावे.

अंगावर घातलेला माठ

जास्त कपडे घातल्याने नुसते उकडले असते तर स्वेटर काढून प्रश्न मिटला असता. पण शरीर उकाड्यावर स्वतःचा उपाय करते, घाम आणते. थंडीतल्या व्यायामाचा खरा शत्रू बाहेरची हवा नसून आपलाच घाम आहे, आणि या लेखात मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच आहे.

माठातले पाणी गार कसे होते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मातीच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते माठातल्याच पाण्यातून घेते. ओला सुती टीशर्ट म्हणजे अंगावर घातलेला माठ. एप्रिलमध्ये हा माठ सुखाचा वाटतो. जानेवारीच्या पहाटे तो अंगातली उष्णता तितक्याच इमानाने ओढून नेतो.

किती ओढतो? एक ग्रॅम घाम वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. (आहारतज्ज्ञ ज्याला एक कॅलरी म्हणतात तिच्यात अशा एक हजार कॅलरी असतात.) समजा, टीशर्टात अर्धा पेला, म्हणजे १०० मिलिलिटर घाम मुरला आहे. तो वाळवायला जितकी उष्णता लागेल तितकी शांत बसलेले शरीर चाळीस मिनिटांत तयार करते. ती सगळीच अंगातून जात नाही, थोडी आजूबाजूची हवाही देते. तरी पळणे थांबवून, सहा बल्बांवरून एका बल्बावर आलेल्या शरीरावर हा केवढा भार आहे, ते ध्यानात येईल. आपल्याकडचा हिवाळा कोरडा असल्यामुळे घाम भरभर वाळतो आणि गारठा एकदम अंगावर येतो.

दुसरे नुकसान याहून मोठे आहे. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. कापडातल्या ज्या फटींत हवा कोंडलेली होती तिथे आता पाणी भरले आहे. म्हणजे ऊब देणारी वस्तूच नाहीशी झाली आणि तिच्या जागी उष्णतेला बाहेर जायला सडक तयार झाली.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी कळसूबाईवर शिकलो. जानेवारीतली रात्र होती. बारी गावातून निघताना बोचरी थंडी होती म्हणून सुती टीशर्ट, स्वेटर आणि वर जाड जॅकेट असे सगळे अंगावर चढवले. शेवटच्या लोखंडी शिड्यांपर्यंत पोचलो तोवर आतला टीशर्ट पिळून काढण्याइतका ओला झाला होता. १,६४६ मीटरवर, देवीच्या मंदिराजवळ, उजाडायला तासभर असताना वारा सुरू झाला. अंगात तीन कपडे असून दात वाजत होते, जॅकेटची चेन लावायला बोटे वळत नव्हती. बरोबरच्या एका अनुभवी मित्राने आणखी पांघरूण दिले नाही. त्याने आधी अंगातले सगळे काढायला लावले, पाठ पंचाने खसखसून पुसली आणि त्याच्या पिशवीतला एक कोरडा टीशर्ट घालायला दिला. मग वर तेच जाड जॅकेट. दहा मिनिटांत थरथर थांबली. बदलला होता तो फक्त एक टीशर्ट.

वात, कापूस आणि घोंगडी

म्हणून त्वचेला लागून असणारा कपडा हा सगळ्यांत महत्त्वाचा. तो कशाचा असावा?

कापसाचा तंतू पाण्याचा लोभी आहे. तो ज्या सेल्युलोजचा बनलेला असतो त्याचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. पाणी नुसते तंतूंच्या मधे राहत नाही, तंतूच्या आत शिरते. तंतू फुगतो, मऊ पडतो, कापड त्वचेला चिकटते आणि मग तासन्तास वाळत नाही. टॉवेल म्हणून हा गुण उत्तम आहे, पंचा सुती असतो तो यासाठीच. पण पळताना पाठीवर ओला टॉवेल कोणाला हवा आहे?

पॉलिएस्टरचे उलटे आहे. सर्वसाधारण दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मग पॉलिएस्टरचा शर्ट घाम टिपतो कसा? समईची वात आठवा. तेल वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून आपोआप वर चढते. व्यायामासाठी विणलेल्या पॉलिएस्टरमध्ये तंतूंमधल्या अशाच बारीक वाटा असतात. घाम त्वचेवरून उचलला जातो, कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो, आणि पातळ पसरल्यामुळे झटकन वाळतो. तंतूच्या आत काहीच मुरलेले नसते, म्हणून वाळायचेही फारसे नसते. दुकानात 'ड्राय-फिट' म्हणून जे मागितले जाते ते हेच. गावोगावच्या बाजारात मिळणारी क्रिकेट-कबड्डीची जर्सी बहुतेक वेळा याच जातीची असते, त्यासाठी मोठ्या कंपनीचे नाव असण्याची गरज नाही. लेबल वाचा, शंभर टक्के पॉलिएस्टर आणि हाताला पातळ, एवढे पुरे. याला घामाचा वास लवकर धरतो, म्हणून घरी आल्याबरोबर धुवावा.

आणि लोकर? लोकरीचे गुण सांगायला परदेशातल्या मेंढ्यांपर्यंत जायला नको. आपल्या धनगरांच्या खांद्यावरची घोंगडी पाहावी. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, सनगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली ही घोंगडी पावसात खोळ करून डोक्यावर घेतली जाते आणि रात्री माळावर पांघरलीही जाते. भिजली तरी ती गारठवत नाही, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. त्यामागे तीन कारणे आहेत. लोकरीचा तंतू मुळात कुरळा असल्याने ओला झाला तरी चपटा होत नाही, फटींतली हवा पुष्कळशी टिकते. त्याच्या पृष्ठभागावरून पाण्याचे थेंब ओघळतात, पण बाष्प मात्र तंतूच्या आत शिरते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. आणि बाष्प शोषून घेताना ती थोडी उष्णता बाहेर टाकते. घोंगडी अंगाला टोचते हे खरे. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर फार बारीक असल्याने टोचत नाही, तिचे बनियन आज मिळतात आणि ते उत्कृष्ट असतात, पण महाग. पुण्या-नाशिकच्या थंडीत रोजच्या पळण्यासाठी त्यावर पैसे घालण्याची मला गरज वाटत नाही. हिमालयातल्या आठ दिवसांच्या ट्रेकला जाणार असाल तर एक जरूर घ्या. आठ दिवस वापरूनही त्याला फारसा वास येत नाही.

इथे कापसाची बाजूही मांडली पाहिजे. सगळ्यांनाच घाम येतो असे नाही. सत्तरीतले आजोबा सोसायटीच्या आवारात अर्धा तास सावकाश फेऱ्या मारतात, त्यांच्या अंगाची शेगडी मंद असते. त्यांना सुती सदरा आणि स्वेटर अगदी योग्य आहे. उलट वयाबरोबर थंडीची जाणीव बोथट होत जाते, म्हणून त्यांना मोजकेच कपडे घालून बाहेर पाठवणे चुकीचे ठरेल. हा सगळा खटाटोप घाम गाळणाऱ्यांसाठी आहे.

वारा

थर्मामीटर १० अंश दाखवतो आहे आणि सायकलवर तुम्ही ताशी २० किलोमीटरने निघाला आहात. झाडाचे पानही हलत नसले तरी तुमच्यापुरता ताशी २० किलोमीटरचा वारा सुटलेला आहे, आणि उघड्या चेहऱ्याला ती हवा सुमारे ७ अंशांसारखी लागते. आपल्या अंगाभोवती कोमट हवेचे एक पातळ अस्तर सतत असते. वारा ते ओढून नेतो आणि शरीराला ते पुन्हा तापवावे लागते. बशीतल्या चहावर आपण फुंकर मारतो तेव्हा हेच करत असतो. अंटार्क्टिकावर काम केलेल्या पॉल सायपल या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात तिथल्या वाऱ्यात पाणी किती वेळात गोठते हे मोजून या परिणामाचा पहिला हिशेब मांडला.

वाऱ्याला जाड कपडा नको असतो, घट्ट विणीचा हवा असतो. जाड स्वेटर चाळणीसारखा असतो. शांत हवेत उत्तम, पण वारा त्यातून आरपार जातो. मुठीत मावेल एवढे नायलॉनचे पातळ विंडचीटर वारा अडवते. दोन्ही मिळून एकमेकांचे उणे भरून काढतात.

इथे रेनकोटाचा मोह टाळा. रेनकोट वारा अडवतो तसा घामही अडवतो आणि आतून ओला होतो. पाऊस रोखून बाष्प बाहेर सोडणारी कापडे आहेत. न चिकटणाऱ्या तव्यावर ज्या टेफ्लॉनचा थर असतो, तेच ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा करता येतो हे बॉब गोर यांना १९६९ मध्ये आढळले, आणि गोर-टेक्स त्यातून जन्मले. पण जोरात धावणाऱ्याच्या घामापुढे तीही कमी पडतात. आपल्याकडे हिवाळ्यात पाऊस जवळपास नसतोच. साधे, थोडी हवा खेळू देणारे विंडचीटरच बरे.

वजन उतरावे म्हणून मुद्दाम प्लास्टिकचे जॅकेट घालून पळणारे मला दरवर्षी दिसतात. घाम गाळला की चरबी वितळते, हा समज पूर्ण चुकीचा आहे. त्या जॅकेटमध्ये उतरते ते फक्त पाणी, आणि घरी येऊन तांब्याभर पाणी प्यालात की वजन परत जागेवर येते. मधल्या वेळात शरीर मात्र विनाकारण तापते. हे करू नका.

कांद्यासारखे कपडे

महाराष्ट्रातल्या हिवाळ्याची एक खोड आहे. पुण्यात जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीस, असे एकाच दिवसात होते. १९३५ च्या जानेवारीत पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, आणि निफाडला आजही काही हिवाळ्यांत तो पाचच्या खाली जातो, पण तिथेही दुपारी शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, त्यामुळे सर्वांत थंड वेळ मध्यरात्र नसते, सूर्योदयाच्या आसपासची असते. गार हवा जड असल्याने नदीकाठी आणि खोलगट भागात साचते, म्हणून शांत पहाटे टेकडीचा पायथा तिच्या माथ्यापेक्षा थंड असू शकतो. साडेसहाला निघून साडेआठला परतणारा माणूस असे दोन-तीन ऋतू पार करून येतो.

अशा हवेला एक जाड कपडा कधीच पुरत नाही. कांद्यासारखे पापुद्रे हवेत. आतला पातळ, घाम पसरवणारा. मधला हवा कोंडणारा, फ्लीसचा किंवा लोकरीचा. बाहेरचा वारा अडवणारा. प्रत्येक पापुद्रा सहज निघाला पाहिजे आणि पुढे चेन असली पाहिजे, कारण डोक्यावरून काढायचा स्वेटर लोक आळसाने काढत नाहीत आणि घामेजून जातात. खरी युक्ती घालण्यात नाही, वेळेवर काढण्यात आहे. घाम फुटल्यावर जॅकेट काढणे म्हणजे उशीर झाला. मानेशी ऊब जाणवली, कपाळ किंचित दमट झाले, की लगेच चेन खाली.

ध्रुवीय प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. त्यांचे कातड्याचे कपडे सैल असतात, गळ्याशी मोकळे करता येतात, म्हणजे कष्टाचे काम करताना आतले बाष्प निघून जाते. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन १९०३ ते १९०६ च्या मोहिमेत त्यांच्याकडूनच हे शिकला, आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्या सामानात तशाच धाटणीचे कातडी कपडे होते.

---

चौकट: दमदार चालणे, पळणे किंवा चढणे यासाठी ढोबळ अंदाज

*१५ ते १८ अंश (कोकण-मुंबईची थंड पहाट):* अर्ध्या बाह्यांचा पातळ पॉलिएस्टर टीशर्ट, अर्धी किंवा पूर्ण पँट. आणखी काही नको.

*१० ते १५ अंश (पुणे, नाशिक, संभाजीनगरची नेहमीची पहाट):* पूर्ण बाह्यांचा पातळ टीशर्ट. सायकल चालवत असाल किंवा वारा असेल तर विंडचीटर.

*५ ते १० अंश (निफाड, महाबळेश्वर, गडमाथे):* वरीलप्रमाणे, शिवाय विंडचीटर, पातळ हातमोजे आणि कान झाकणारी पट्टी. पातळ फ्लीस पाठपिशवीत.

*५ अंशांच्या खाली:* तिन्ही पापुद्रे, टोपी, हातमोजे. मधला पापुद्रा चढावर काढून ठेवा, थांबलात की आधी चढवा.

सावकाश चालणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी एक पापुद्रा वाढवावा. लहान मुले खेळत असतील तर कमी, बसली असतील तर जास्त.

---

कान, बोटे, पाय

शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ते खरे नाही. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा भाग आहे आणि उष्णताही तेवढ्याच प्रमाणात जाते. अमेरिकी सैन्याने १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत लोकांना गळ्यापर्यंत उबदार पोशाख चढवला होता आणि डोके उघडे ठेवले होते. मग उष्णता दुसरीकडून जाणार तरी कुठून? तिथून हा समज पसरला. कानटोपी वाईट नाही, कानांच्या पातळ पाळ्यांना वारा झोंबतोच. पण जाड माकडटोपीने डोके घामेजते. कान झाकणारी पट्टी किंवा डोक्याला गुंडाळलेला सुती रुमाल पळताना बरा.

बोटांचे गणित वेगळे आहे. शरीराला गारठा जाणवला की ते आधी छाती-पोटातली इंद्रिये सांभाळते आणि हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते. म्हणून बोटे गार पडली असतील तर नुसते हातमोजे पुरत नाहीत, धडावरचा कोरडेपणाही पाहावा लागतो. कळसूबाईवर माझी बोटे वळेनाशी झाली होती ती पाठीवरच्या ओल्या टीशर्टमुळे.

पायांत दोन-दोन मोजे घालून बूट आवळणारे पुष्कळ असतात. घट्ट बुटात हवा राहत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही, त्यामुळे पाय जास्तच गार पडतात. एकच मोजा, सुती नको, आणि बोटे हलवता येतील एवढी जागा.

थांबल्यानंतरची पाच मिनिटे

पळणे संपले की शेगडी मंदावते, पण घाम वाळतच राहतो. सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो, ओल्या कपड्यांमुळे नाही, पण हुडहुडी भरते ती याच वेळी. टपरीवर चहासाठी थांबायचे असेल तर आधी कोरडा बनियन, मग चहा. दुचाकीने घरी जायचे असेल तर हे आणखी गरजेचे, कारण दहा अंशांत ताशी ५० च्या वेगाने जाताना हवा पाच-साडेपाच अंशांसारखी लागते आणि शरीर त्या वेळी काहीच मेहनत करत नसते.

डिसेंबरात केदारकांठ्याला किंवा संदकफूला जाणाऱ्या मराठी मंडळींना हाच नियम दुप्पट लागू आहे. पिसांचे फुगीर जॅकेट घालून चढायला लागू नका. पिसे घामाने ओली झाली की चपटी होतात आणि त्यांच्यातली हवा जाते. ते जॅकेट पाठपिशवीत सर्वांत वर ठेवा, मुक्कामाला पोचून कोरडे झालात की काढा.

दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर थंड हवेतल्या व्यायामाबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, आणि थंड कोरडी हवा श्वासनलिकांना त्रास देते. तोंडावरून पातळ रुमाल घेतला तर आत जाणारी हवा थोडी कोमट होते. तहान लागली नाही तरी पाणी प्या.

अंधारात दिसणारे कपडे

जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पाचलाच रस्त्यावर असतात. मैदान नसले की १६०० आणि ८०० मीटरचा सराव हमरस्त्याच्या कडेने चालतो. धुके असते, ऊसाच्या ट्रॉल्या असतात, आणि अंगात बहुतेकांच्या काळा किंवा गडद निळा हुडी असतो. टोपी डोक्यावर ओढलेली असते, त्यामुळे मागून येणारे वाहन ऐकू येत नाही. वाहनचालकाला ती मुले अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

थंडीसाठी त्या जाड हुडीची गरज नाही, हे वर सांगितलेच आहे. फिकट पिवळा किंवा पांढरा पातळ टीशर्ट घाला, वर विंडचीटर, आणि त्यावर दिव्याच्या उजेडात चमकणारी पट्टी छातीवर आणि पाठीवर आडवी बांधा. रस्त्यावर काम करणारे मजूर घालतात ते चमकत्या पट्ट्यांचे नारिंगी जाकीटही चालेल, ते हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. समोरून वाहने येतात त्या बाजूने पळा. तुमच्या घरातले कोणी पहाटे अंधारात पळायला जात असेल, तर स्वेटरच्या आधी ही पट्टी घेऊन द्या.